तराजूखालचा मुकुट

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची नाणी पाहण्याचा पगार घेतला. मुंबईतल्या एका संग्रहालयाच्या नाणेविभागात मी लागले होते ती खरं तर कार्डं टाइप करायला. एका नाण्याला एक कार्ड: धातू, वजन, व्यास, पुढच्या बाजूला काय, मागच्या बाजूला काय, कुठे सापडलं. टाइप करता करता मी कार्डांतल्या चुका काढायला लागले. ज्यांच्या चुका काढत होते ते आमचे सर मोठ्या मनाचे होते. त्यांनी मला टाइपरायटरवरून उठवलं आणि भिंगापुढे बसवलं. तिथून थेट निवृत्तीच्या दिवशीच उठले.

आता वसई तालुक्यात, बोळिंजला राहते. सोसायटीचा वॉचमन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "नाणीवाल्या मॅडम ना? बी विंग, तिसरा मजला." त्यामुळे निम्म्या लोकांना वाटतं मी नाणी विकते आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं मी विकत घेते. यातलं मी काहीच करत नाही. नाणं कुणाचं, कधीचं, खरं की खोटं, एवढं सांगते आणि चहा पाजते. आलेल्या माणसाला मात्र नावगाव नको असतं, आकडा हवा असतो. मोबाइलवर कुठेतरी त्याने वाचलेलं असतं की अमुक देवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं लाखोंना जातं. ते नाणं माझ्याही पर्समध्ये आहे, रिक्षावाल्याला देऊन टाका, असं सांगितलं की तो माझ्याकडे अशा नजरेने पाहतो की जणू मीच ते लाख दाबून बसले आहे.

एकदा विरारहून एक गृहस्थ आले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा डबा. डब्यात तांब्याचं एक नाणं आणि वेगळ्या पुडीत मूठभर तांदूळ.

"मॅडम, हे नाणं तांदूळ ओढतं," ते हळू आवाजात म्हणाले.

मी म्हटलं, "दाखवा."

त्यांनी माझ्या टेबलावर तांदूळ पसरला आणि नाणं जवळ नेलं. तांदूळ जागचा हलला नाही. त्यांनी नाणं उलटं केलं, दिशा बदलली, पंखा बंद करायला लावला. शेवटी म्हणाले, "हा कोलम आहे. बासमती असेल तर ओढेल."

मी आतून बासमती आणून दिला. बासमतीनेही दाद दिली नाही. गृहस्थांनी एकदा माझ्या घराकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, वास्तूतच काही दोष असावा अशा चेहऱ्याने नाणं डब्यात ठेवलं आणि निघून गेले. तांदूळ विसरले. दोन्ही जातींची मिळून मी खिचडी केली, बरी झाली.

हसण्यावारी नेता येत नाहीत असेही लोक आले. नोकरीत असताना एक बाई मयत नवऱ्याचा डबा घेऊन आल्या होत्या. मखमली खणांत शिवकालीन होन म्हणून जपलेली पिवळी नाणी. सगळी पितळेची, बाजारात नकला म्हणून मिळणारी. मी तीन मिनिटांत निकाल दिला आणि पुढचं कार्ड ओढलं. त्या डबा बंद करत म्हणाल्या, "दर रविवारी पुसायचे हो ते." निकाल बरोबरच होता, पण तो देताना मी त्यांना बसायलाही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे, दुसरा कप चहा झाल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. तोच नियम मी मोडला त्याची ही गोष्ट आहे.

पण आधी आमचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. नाणं कडेने धरायचं, बोटं चित्रावर टेकवायची नाहीत. वजन करायचं. मग उजेड वरून न पाडता बाजूने पाडायचा, म्हणजे झिजलेल्या अक्षरांच्याही सावल्या पडतात. सोनं मातीत शंभर वर्षं राहिलं तरी काल ठेवल्यासारखं निघतं. तांब्याला माती खाते. हिरवा थर चढतो, कडा जातात, आणि राहिलेल्या खाणाखुणांवर आम्हाला पोट भरावं लागतं. म्हणून जमिनीतून निघालेलं तांब्याचं नाणं घासायचं नसतं. घाण समजून आपण जे घासतो त्यातच उरलीसुरली अक्षरं असतात. हे वाक्य मी एकतीस वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलंय की संग्रहालयातला शिपाईसुद्धा ते माझ्या आवाजात म्हणून दाखवायचा.

आणि सरांचा एक नियम होता: "आधी नाणं फिरव, मग तोंड उघड." नाण्यावरचं चित्र सुलटं दिसलं की डोकं पाहायचं थांबतं. उलटं, आडवं, तिरकं फिरवत राहिलं तर डोकं गोंधळतं आणि डोळे काम करू लागतात.

तर, गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट.

आमच्या नाक्यावर सकाळी सुमनकाकी बसतात. आगाशीला त्यांची वाडी आहे. केळी, नारळ, अळू आणि सोनचाफा. पंचाहत्तरीच्या आसपासचं वय, नऊवारी घट्ट नेसलेली, वजनकाट्याकडे न बघता भाजी देणार आणि ती कधी कमी भरणार नाही. मी आठ-दहा वर्षं त्यांच्याकडून फुलं घेते. मी नोकरी कुठे करत होते ते त्यांना ठाऊक होतं. माझ्या ऑफिसला त्या "नान्यांचं हापिस" म्हणतात. वाडीतल्या जुन्या माणसांच्या तोंडी ण फारसा येत नाही.

एक दिवस चाफ्याची पुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "सुलभाबाय, उद्या घरी ये. हेमंतानं जमिनीतनं काय तरी काढलंय."

हेमंत त्यांचा मुलगा. सातिवलीला त्याचा छोटा गाळा आहे. मसाल्याच्या, बिस्किटांच्या कारखान्यांत पट्ट्यावरून माल जाताना त्यात चुकून एखादा खिळा, तारेचा तुकडा गेला तर पट्टा थांबवणारं यंत्र असतं. हेमंत ती यंत्रं दुरुस्त करतो. झालं होतं असं की चाफा तोडताना त्याच्या बायकोची, प्रज्ञाची, कानातली सोन्याची कुडी वाडीत पडली. तिघांनी दिवसभर पालापाचोळा चाळला. मिळेना. तेव्हा हेमंतने गाळ्यातली एक जादा कॉइल आणली, लादी पुसायच्या दांड्याला बांधली, वर बॅटरी आणि भोंगा लावला आणि घरचं मेटल डिटेक्टर घेऊन वाडीत उतरला.

तीन दिवस ते यंत्र कोकलत होतं. पंपाचे नट, गंजके खिळे, खताच्या गोणीच्या तारा, दोन चमचे निघाले. हेमंतच्या वडिलांचं हरवलेलं कोयत्याचं पातंही निघालं. ते शेजाऱ्याने नेलं असा वडिलांचा मरेपर्यंत समज होता आणि तो त्यांनी शेजाऱ्याला बोलूनही दाखवला होता. पातं निघाल्यावर काकी गुपचूप शेजारी जाऊन केळ्यांचा एक घड देऊन आल्या. शेजाऱ्याने विचारलं, कशाबद्दल? काकी म्हणाल्या, असंच, पिकलीत.

कुडी चौथ्या दिवशी वॉशिंग मशीनच्या जाळीत सापडली. पण तोवर विहिरीजवळच्या चाफ्याच्या मुळाशी, कोपरभर खोलीवर, ते नाणं निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. प्रज्ञा गरम पोळ्या करत होती, तिने गूळ-तूप लावून एक माझ्या ताटलीत वाढली. हेमंतने वाटीत ठेवलेलं नाणं पुढे केलं. कोटाच्या बटणाएवढं, जाड, हिरवट काळं. मी ते खिडकीशी नेलं. एका बाजूला तराजू, दोन पारड्यांच्या मधे फारसी अक्षरं, 'अदल', म्हणजे न्याय. दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारचा बदामाच्या आकाराचा शिक्का आणि त्यावर चारचा आकडा. मला ते ओळखायला काहीच कष्ट पडले नाहीत, आणि तिथेच घात झाला.

"ईस्ट इंडिया कंपनीचा तराजूचा पैसा," मी म्हटलं. "आपल्या भागात पुष्कळ मिळतात."

"किती जुनं असेल?" हेमंतने विचारलं.

"दोनशे वर्षांच्या आसपास."

"आणि ही वाकडी रेघ? पारड्याच्या खालून जाते ती?"

"ठोकताना साचा सरकतो कधीकधी. मग दुहेरी ठसा उमटतो." त्याचा चेहरा जरा पडला, म्हणून समजूत घालायला मी मोबाइलवर एक फोटो काढला. तो हलला. दुसरा काढायला हवा होता. पण रिक्षावाला फाटकाशी हॉर्न वाजवत होता आणि माझ्या एका हातात पोळी होती.

काकी म्हणाल्या, "मंग घासून देवापाशी ठेवते. दिवाळी हाय."

आणि मी, एकतीस वर्षं लोकांना घासू नका म्हणून सांगत आलेली बाई, काय म्हणाले? म्हणाले, "ठेवा की."

चहाचा पहिला कपसुद्धा अर्धाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसले होते. चष्मा शोधताना मोबाइल टेबलावर उलटा सरकवला गेला. पडद्यावर कालचाच फोटो होता, आता माझ्या बाजूने उलटा. तराजू डोक्यावर उभा. मी चष्मा लावला आणि सहज पाहिलं, तर पारड्याखालची वाकडी रेघ कमान झाली होती. कमानीवर ओळीने बारीक ठिपके होते. मोत्यांसारखे.

सरांचा नियम मी पाळला नव्हता, तो मोबाइलने पाळला.

साचा सरकला तर जे आहे तेच दुसऱ्यांदा उमटतं. तराजू सरकून शेजारी दुसरा तराजू दिसेल. तराजू सरकून मोत्यांची कमान कुठून येईल? ती कमान मुकुटाची होती. कंपनीच्या त्या पैशावर मुकुट नसतो. म्हणजे मुकुट आधीपासून तिथे होता.

हे कसं होतं तेही सांगते. नाणं पाडायचं तर तांबं वितळवा, चकत्या कापा, मग साच्यात ठेवून घण घाला, असा खटाटोप. त्यापेक्षा कुणाचं तरी जुनं, चलनातून गेलेलं नाणं तापवून सरळ साच्याखाली ठेवलं की एका घावात ते आपलं होतं. जुनं चित्र दबतं, पण ठोकणाऱ्याचा हात हलका पडला तर कडेने डोकावत राहतं. असं पुनर्मुद्रित नाणं सापडलं की एकाच चकतीवर दोन राज्यं वाचता येतात. कंपनीने स्वतःच्याच जुन्या पैशांवर ठोकलेले पैसे मी पाहिले होते. मोत्यांच्या मुकुटावर ठोकलेला एकही नव्हता.

मी काकींना फोन लावला. कुणी उचलेना. हेमंतला लावला. त्याच्या मागे गाळ्यातली यंत्रं घरघरत होती.

"आई कुठे आहे?"

"घरीच. फोन आत असेल. भांडी घासतेय ना आज."

"कसली भांडी?"

"तांब्याची. दिवाळीची."

मी घरातल्या चपलांवरच बाहेर पडले. नाक्यावर आगाशीची शेअर रिक्षा एका काकांना घेऊन आणखी दोघांची वाट बघत उभी होती. मी तिसऱ्याचीही सीट घेते म्हणाले. माझा चेहरा बघून रिक्षावाला गंभीर झाला.

"हॉस्पिटलला का मॅडम?"

"नाही. चिंच भिजवलीय तिथे."

त्याने पुढे काही विचारलं नाही, पण रिक्षा चांगली हाणली. माझ्या शेजारचे काका दांडी घट्ट धरून बसले होते. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "चिंच जास्त भिजली तर काय होतं?"

काकी मागच्या ओट्यावर होत्या. घंगाळ, तांबे, पळी, पंचपात्र, सगळं लखलखीत होऊन उन्हात ओळीने उपडं घातलेलं. हाताशी चिंचेचा गोळा आणि मीठ.

"काकी, नाणं?"

"ते पयलंच घेतलं," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी ओट्यावरच बसले. त्यांनी ओच्यातून पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. तराजूची बाजू उजवीकडून मध्यापर्यंत नव्या पातेल्यासारखी गुलाबी झाली होती. डावीकडची मात्र होती तशी, हिरवट काळी. मुकुटाची कमान त्या काळ्या भागात शाबूत होती.

"अर्धंच का घासलंत?"

"थांबले. आतनं कोन तरी बघतंय असं वाटलं."

"म्हणजे?"

"तू म्हनालीस, साचा सरकला. मी म्हटलं असंल, शिकलेली बाई सांगते. पन घासताना इचार आला. रांगोळीचा साचा सरकतो तवा काय होतं? तेच कमळ दोनदा येतं. कमळ सरकलं म्हनून मोर नाय येत." त्यांनी बोटाने दाखवलं. "हा मोर हाय. हा तराजूचा न्हवं. मंग चिंच टाकली आनि तुला इचारायचं म्हनून पुडीत बांधून ठेवलं."

जी गोष्ट समजायला मला एक रात्र आणि उलटा पडलेला मोबाइल लागला, ती काकींना दोनदा चिंच चोळताना समजली होती. माझ्या नोकरीत परदेशी तज्ज्ञांनी माझे निकाल तपासले आहेत. पण इतक्या कमी शब्दांत कुणी खोडून काढलेला मला आठवत नाही.

"काकी, काल मी चुकले," मी म्हटलं.

"पोळी गरम होती," त्या म्हणाल्या. "प्रज्ञे, चाय टाक. आज दोन कप घेतल्याशिवाय हिला सोडू नकोस."

माझा नियम मी त्यांना कधी सांगितला होता कोण जाणे.

त्यानंतर दोन आठवडे मी रोज आगाशीला जात होते. नाणं त्यांच्या घरातून हलवायचं नाही हे मीच ठरवलं, कारण हलवलं की गावात लगेच चर्चा, नाणीवाली घेऊन गेली. हेमंतने टॉर्च एका पट्टीला बांधून बाजूने उजेड पाडायची सोय केली. मी चपातीच्या डब्याला लावायच्या बटर पेपरवर जे दिसेल ते उतरवायचे. तराजूच्या रेषा निळ्या पेन्सिलीने, तराजूच्या नसलेल्या रेषा लाल पेन्सिलीने. मग निळं सगळं बाजूला ठेवून फक्त लाल रेषांचा वेगळा कागद करायचा आणि तो फिरवत बसायचं. चौथ्या दिवशी लाल रेषांची ढाल झाली. ढालीवर मुकुट. ढालीच्या पोटात लहान लहान चौकोन. पोर्तुगिजांचं राजचिन्ह.

म्हणजे पोर्तुगीज नाण्यावर कंपनीने आपला तराजू ठोकला होता. मी लाल रेषांचा कागद दोन जुन्या सहकाऱ्यांना पाठवला. एकाचं उत्तर आलं, "असं पाहिलं नाही." दुसऱ्याने उत्तरच पाठवलं नाही, तो नाशिकहून गाडी करून आला, दीड तास नाण्यापुढे बसला आणि जाताना काकींकडून चार नारळ घेऊन गेला.

प्रश्न उरला तो एका अक्षराचा. असल्या नाण्यांवर ढालीच्या दोन्ही बाजूंना टांकसाळीच्या गावाची रोमन अक्षरं असतात. उजवीकडचं अक्षर कंपनीच्या घणाखाली पुरतं गेलं होतं. डावीकडे, म्हणजे तराजू सुलटा धरला तर उजवीकडे, एक उभी दांडी होती आणि तिला लागून फुगीर पोट. 'डी' असेल तर दीव किंवा दमण. 'बी' असेल तर पोर्तुगीज ज्याला बसईं म्हणत ती आपली वसई.

आणि दोघांतला फरक सांगणारी जागा, म्हणजे पोटाला मधे खाच आहे की नाही ती, नेमकी चिंचेने साफ केली होती.

मी काकींना एका शब्दाने बोलले नाही. बोलायला तोंड नव्हतं. चिंच त्यांची, पण परवानगी माझी. पहिल्या दिवशी मी दोन मिनिटं जास्त थांबले असते, फोटो नीट काढला असता, तरी आज उत्तर हातात असतं. त्या हललेल्या फोटोकडे मी नंतर इतक्या वेळा पाहिलं की आता डोळे मिटले तरी तो हललेलाच दिसतो.

तोवर गावाने निकाल लावून टाकला होता. कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकलं, 'आपल्या वसईत बनलेलं नाणं आगाशीत सापडलं.' प्रज्ञाच्या माहेरून फोन आले. दूधवाला मला म्हणाला, "बी आहे ना मॅडम? आमच्याकडे सगळे बी म्हणतायत." एका गृहस्थांनी वाटेत गाठून सांगितलं की बी निघालं तर नाक्यावर कमान उभारायचा विचार आहे. मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. 'बी असण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं एक वाक्य आमच्या धंद्यात असतं. ते लिहिलं की सगळे खूश होतात आणि लिहिणाऱ्याला कुणी पकडू शकत नाही.

मी पुन्हा लाल कागद घेऊन बसले. पोटाची मधली जागा गेली होती, पण तिच्या वरची थोडी रेघ शिल्लक होती. 'बी'च्या पोटाची रेघ मध्याशी येता येता आत वळते, खाच पाडायला. 'डी'ची मध्यापर्यंत बाहेरच जात राहते. ही रेघ बाहेर जात होती. नाशिकच्या सहकाऱ्याला फक्त तेवढा तुकडा पाठवून विचारलं, कशाचा हे न सांगता. तो म्हणाला, "डी. का?"

मी आगाशीला गेले. दोन कप चहा घेतला. तिघंही समोर बसले होते.

"डी आहे," मी म्हटलं. "दीव किंवा दमण. वसईचं नाही."

हेमंतने मान खाली घातली. प्रज्ञा म्हणाली, "पक्कं?"

"पक्कं म्हणता येणार नाही. पण बी म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही, डी म्हणायला अर्धी रेघ आहे."

काकींनी रिकामे कप गोळा केले. मग म्हणाल्या, "मंग ते इथं आलं कसं?"

"व्यापाऱ्याबरोबर गलबतातून आलं असेल. नंतर कंपनीच्या हातात पडलं, त्यांनी त्यावर तराजू ठोकला, आणि फिरत फिरत कुणाच्या तरी कनवटीला लागून तुमच्या वाडीत आलं. विहिरीवर वाकताना पडलं असेल."

"मीपन दमनचीच," काकी म्हणाल्या. "आमचं माहेर तिकडचं. लग्न करून इथं आले. आता मला कोन दमनची म्हनतं?" त्यांनी सुनेकडे पाहिलं. "ग्रुपवर टाक. दमनचं हाय म्हनून. आनि कमानवाल्याला सांग, कमान घाल, पन मंग माझंपन नाव घाल."

कमान अर्थातच झाली नाही.

जमिनीत पुरलेलं, शंभर वर्षांहून जुनं आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर सरकारला कळवावं लागतं, असा फार जुना कायदा आहे. बहुतेक लोकांना तो माहीत नसतो, ज्यांना असतो ते विसरतात. मी हेमंतला पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं. म्हणून दिवाळीनंतर आम्ही तिघं, मी, हेमंत आणि काकी, अर्ज घेऊन तहसील कचेरीत गेलो. टेबलापलीकडे एक तरुण कारकून होती, हुशार, चटपटीत, आणि असला अर्ज आयुष्यात पहिल्यांदा पाहणारी.

"वस्तू काय?"

"नाणं. एक पैसा," मी म्हटलं.

तिने कायद्याचं कलम वाचलं, मग अर्ज वाचला. "मॅडम, एक पैसा दहा रुपयांपेक्षा जास्त कसा होईल?"

हा प्रश्न मला एकतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी तिला समजावलं. तिने समजून घेतलं आणि मोठ्या साहेबांना विचारून आली. नाणं लखोट्यात घालून मोहोरबंद झालं. ते सरकारी संग्रहालयात जाईल की हेमंतला परत मिळेल, ते ठरायचं आहे. सध्या ते कचेरीच्या कपाटात आहे, आणि तिथे त्याला चिंचेपासून धोका नाही.

मी सोबत ओळखपत्रिका जोडली होती. धातू, वजन, व्यास, वरचा ठसा, खालचा ठसा, दोन्ही रंगांची रेखाटनं. शेवटी एक वाक्य होतं: 'प्रथम तपासणीत मी हे नाणे चुकीचे ओळखले व ते घासण्यास हरकत घेतली नाही, त्यामुळे डावीकडील अक्षराचा काही भाग नष्ट झाला.' नोकरीत मी हजारो ओळखपत्रिका लिहिल्या. चुका त्यांतही झाल्या असतील, पण असं वाक्य एकातही नाही.

कारकून मुलीने ते दोनदा वाचलं. "मॅडम, हे वाक्य काढलंत तर बरं. आधी चुकीचं ओळखलं म्हटलं तर वरून विचारतील, मग आता बरोबर कशावरून?"

"विचारू देत," मी म्हटलं. "विचारायलाच पाहिजे. म्हणून तर रेखाटनं जोडलीत."

"ठीक आहे, तुमची मर्जी." तिने छापील फॉर्म पुढे ओढला. "ओळख पटवणाऱ्याचं नाव आणि हुद्दा?"

मी माझं नाव सांगितलं. हुद्दा, निवृत्त. मग म्हटलं, "आणखी एक नाव लिहा. खालचा ठसा वेगळा आहे हे नाणं बघून पहिल्यांदा यांनी ओळखलं."

तिने काकींकडे पाहिलं. काकी पदर सावरून खुर्चीत ताठ बसल्या, नाव सांगितलं.

"हुद्दा?"

"फुलं विकते. चाफा, मोगरा. शनिवारी केळफूल."

मुलीचं पेन रकान्यावर थांबलं. काकींनी मान लांब करून फॉर्म पाहिला.

"हिचं काय लिवलंस?"

"निवृत्त."

"मंग माझं चालू लिव."

त्या मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने लिहिलं, आणि मी खाली सही केली.